सोलरचा करंट लागत नाही

घर बांधून झाले, भंतेजींनी परित्राण पाठ घेतला, खीर वाटून झाली, पाहुणे जेवून तृप्त होऊन गेले आणि मग आम्ही नवराबायको ओसरीत बसून विजेचा विचार करू लागलो. तसा तो आधीच करायला हवा होता, हे मला मान्य आहे. पण प्लॉट विकणाऱ्याने दाखवलेल्या नकाशात आमच्या लेआउटमध्ये दोन्ही बाजूंनी विजेचे खांब होते. नकाशात बगीचाही होता. बगीच्याच्या जागी सध्या शेळ्या चरतात आणि विजेचे खांब यवतमाळकडून येता येता गिट्टी खदानीपाशी थांबले आहेत.

मी एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. 'साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य मी उभ्या नोकरीत इतक्या लोकांना ऐकवले आहे की ते माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडते. वीज कार्यालयातल्या एका कोवळ्या कारकुनाने तेच वाक्य, त्याच सुरात, मान वर न करता मला ऐकवले तेव्हा मला आधी अपमान वाटला आणि मग थोडे कौतुकही वाटले. मी विचारले, "खांबांचं काय झालं?" तो म्हणाला, "अंदाजपत्रक वर गेलंय." वर म्हणजे कुठे, हे मी विचारले नाही. आमच्याही कचेरीतून कागद वर जातात आणि ते कुठे जातात हे आम्हालाही माहीत नसते. मी मुकाट्याने घरी आलो आणि बायकोला, प्रियंकाला, सांगितले की आपण सोलर लावतोय.

लेआउटमध्ये आमच्याशिवाय दोनच घरे होती. एक पुंडलिकरावांचे. हे निवृत्त ट्रक ड्रायव्हर, जन्मभर कापसाच्या गाठी वाहिलेले, आणि आता सल्ले देण्यासाठी पूर्ण मोकळे. दुसरे बिजलीबाईंचे. त्या तांड्यावरून मुलाच्या कॉलेजसाठी इथे राहायला आलेल्या. वीज नसलेल्या वस्तीत बिजलीबाई, यावर लेआउटमधल्या सगळ्यांनी एकेकदा विनोद करून घेतला होता आणि त्या प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसल्या होत्या.

सोलर कंपनीचा माणूस आला. छतावर पॅनेल बसवली, जिन्याखाली बॅटऱ्या ठेवल्या, इन्व्हर्टर टांगला. त्याने मला समजावले ते असे : बॅटरीतून वीज निघते ती गरीब असते, इन्व्हर्टर तिला दोनशेतीस व्होल्टची करतो. म्हणजे आत जाताना शिपाई आणि बाहेर येताना कलेक्टर. (हा दाखला माझा, त्याचा नव्हे.) तेव्हा इन्व्हर्टरमधून बाहेर आलेल्या विजेशी खांबावरच्या विजेसारखेच अदबीने वागायचे. कूलर, मिक्सर, इस्त्री असल्या जड वस्तूंना वेगळी जाड वायर, तिचा वेगळा खटका. शिवाय त्याने जिन्याखालीच एक खास खटका बसवून दिला. वीज वाट सोडून कुठे माणसाच्या अंगातून किंवा ओल्या फरशीतून जमिनीत जाऊ लागली, की हा खटका आपोआप पडतो. "आणि अंगणात अर्थिंगचा खड्डा तेवढा करून घ्या," असे सांगून तो निघून गेला.

उरलेली वायरिंग विक्कीने केली. विक्की हा आमच्या बाजूचा नावाजलेला वायरमन. त्याचा मूळ धंदा शेतांना झटका मशीन बसवून देण्याचा. रानडुकरांनी आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, पीक खाऊ नये म्हणून शेताभोवती तार बांधतात आणि सोलरच्या छोट्या मशीनमधून त्या तारेत झटका सोडतात, ते हे मशीन. विक्की काळा गॉगल लावून काम करतो आणि कोणतीही अडचण आली की एकच उपाय सुचवतो, "डायरेक्ट करून टाकू न सर." अर्थिंगच्या खड्ड्याचे विचारले तर त्याने अंगणातल्या कोरड्या मुरमात एक हातभर सळई ठोकली आणि हात झटकले. मलाही खड्ड्याची फारशी हौस नव्हती.

आणि मग ढाणकीहून आई आली.

बाबा गेल्यापासून आई ढाणकीला एकटी राहते. दर उन्हाळ्यात मी तिला 'चल' म्हणतो आणि दर उन्हाळ्यात ती 'पुढच्या साली पाहू' म्हणते. या वर्षी नवे घर झाले म्हणून ती यायला कबूल झाली, पण राहायला नव्हे. "पाहून जातो," एवढेच म्हणाली. तिने इथेच राहावे असे मला मनापासून वाटत होते. गुडघे दुखतात, नजर कमी झाली, आणि एकटीचा स्वयंपाक करायचा कंटाळा म्हणून ती दुपारी चहा-पोळीवर भागवते, हे मला शेजारच्यांकडून कळले होते. तेव्हा ती परत जाऊ नये, यासाठी मी वाटेल ते करायला तयार होतो, आणि हेच पुढे अंगाशी आले.

आई टेम्पोतून उतरली. तिच्या मागोमाग तिचा कूलर उतरला. बाबांनी घेतलेला, लोखंडी पत्र्याचा, आमच्या दारातून तिरपा केल्याशिवाय आत न येणारा.

"आई, इथं नवीन घेतला असता न आपण," मी म्हणालो.

"नवीन कायले? याची हवा पाह्य तू. पूर्ण ढाणकीत अशी हवा कोन्या कूलरची नाही."

कूलरच्या वायरीला प्लग नव्हता. दोन उघडी टोके होती आणि ती सॉकेटमध्ये खुपसून वरून आगपेटीच्या काड्या ठोकायची पद्धत होती. कंपनीच्या माणसाचे शब्द आठवून मी विक्कीकडून तीन पिनांचा प्लग बसवून घेतला आणि तिसरी वायर कूलरच्या पत्र्याला जोडायला लावली. आई हे सारे बाजूला बसून नाराजीने पाहत होती. "दोनवर चालून राह्यला होता तं तिसरी कायले बोलावली?" ती म्हणाली.

पाणी भरले. बटण दाबले. पंखा फिरला. आईच्या चेहऱ्यावर समाधान आले. मग मी कूलरमधला पाण्याचा पंप चालू केला आणि 'खट्' झाले. सगळे घर बंद. खटका वर केला, पंखा फिरला, पंप लावला, खट्. दुपारभर हेच चालले. बाहेर मे महिन्याचे ऊन असे होते की शेळ्यासुद्धा भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

पंप न लावता नुसता पंखा चालवून पाहिला, तर तो भट्टीतली हवा आणून अंगावर फेकू लागला. आई पदराने घाम पुसत बसली. संध्याकाळी ती जेवताना म्हणाली, "तुह्या घराले माहा कूलर चालत नाही."

"आई, घराला काय कळतं?"

"घराले नाही कळत. घरवाल्याले तं कळते न."

मी हातातला घास ताटात ठेवला. आईने शांतपणे पुढे सांगितले की सोमवारच्या एसटीने ती ढाणकीला जाईल, कूलर मागून टेम्पोत पाठवून द्यावा. रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती अगदी समजूतदारपणे म्हणाली आणि तेच मला लागले.

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिकडून एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "सर, आपला खटका वारंवार पडतोय, म्हणजे आपला खटका व्यवस्थित काम करतोय. आपण समाधानी आहात का?" मी समाधानी नाही असे सांगितल्यावर तिने त्याबद्दल खेद व्यक्त केला आणि कूलर तपासून घ्यायला सांगितले. आता आईच्या कूलरवर संशय घेणे म्हणजे काय, हे त्या मुलीला कसे कळणार?

दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीत सभा भरली. पुंडलिकराव खुर्चीत बसले, बिजलीबाई उंबऱ्यावर, विक्की गॉगल लावून उभा.

"साहेब, खटका काढून टाका," पुंडलिकराव म्हणाले. "तो खटका महावितरणच्या लाईनले पाह्यजे. सोलरले कायले? सोलरचा करंट लागत नाही."

"म्हणजे?"

"झटका मशीन पाहा न. सोलरवरच चालते का नाही? डुक्कर येते, झटका खाते, उठून पळते. मरते काय? नाही मरत. सोलरची लाईन थंडी असते."

"आमचा शाम चिकटला होता तारेले," बिजलीबाईंनी दुजोरा दिला. "काईच झालं नाही भाऊ. उलटं त्या दिवसापासून पोरगा लवकर उठून राह्यला."

विक्की म्हणाला, "सर, मी रोज झटके खातो. डायरेक्ट करून टाकू न."

प्रियंका सातवीला विज्ञान शिकवते. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काका, झटका मशीन क्षणभर झटका देते आणि सोडते, पुन्हा देते, पुन्हा सोडते. म्हणून डुक्कर पळतं. हा इन्व्हर्टर सोडत नाही, धरून ठेवतो. सोलर असो की खांब, बाहेर येताना वीज तीच."

"वहिनी, पुस्तकात तसं असन," पुंडलिकराव उदारपणे म्हणाले.

"तुमच्या ट्रकचा ब्रेक कचकन लागायचा तेव्हा तुम्ही ब्रेक काढून ठेवत होता का?"

पुंडलिकराव विचारात पडले. "माह्या ट्रकचा ब्रेक कधी कचकन लागलाच नाही," ते म्हणाले, आणि हे त्यांनी ज्या शांततेने सांगितले त्यावरून त्या काळातल्या रस्त्यावरच्या लोकांबद्दल मला काळजी वाटली.

खरे सांगायचे तर प्रियंकाचे मला पटले होते. पण आत आई पिशवीत लुगडी भरत होती. औषधांच्या गोळ्या तिने वेगळ्या पुडीत बांधल्या होत्या. मी विक्कीकडे पाहिले आणि म्हणालो, "कर डायरेक्ट." प्रियंकाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तशी ती कॉपी करणाऱ्या मुलांकडे पाहते.

विक्कीने खटका वगळून वायर थेट जोडली. तीन पिनांचा प्लगही काढला, कारण आईचे म्हणणे पडले की मूळचा कूलर जसा होता तसाच राहू द्यावा. आगपेटीच्या काड्या आईने स्वतः दिल्या. आणि काय सांगू, कूलर असा चालला की पडदे भिंतीवर चढले! वाळ्याचा वास घरभर पसरला. आई त्याच्यासमोर चटई टाकून आडवी झाली आणि डोळे मिटून म्हणाली, "आता कसं घर वाटते." मी कृतार्थ झालो. माझ्यासारखा मुलगा पंचक्रोशीत नाही असे काहीसे मला वाटू लागले.

बातमी पसरायला आमच्या लेआउटमध्ये वेळ लागत नाही, कारण ती दोनच घरांत पसरायची असते. दुसऱ्या दिवशी दुपारी बिजलीबाई तांदूळ निवडायला घेऊन कूलरसमोर येऊन बसल्या. मोबाईल चार्जिंगला लावला. पुंडलिकराव 'बसतो घडीभर' म्हणून आले आणि पाय पसरून बसले. आईला माणसे मिळाली. ढाणकीच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या कथा तिने बिजलीबाईंना सांगायला घेतल्या आणि बिजलीबाई तिला आपल्या बोलीत 'याडी, याडी', म्हणजे आई, म्हणून हुंकार देऊ लागल्या. पिशवी कोपऱ्यात भरलेली होती, पण तिच्याकडे आईचे लक्ष नव्हते.

रविवार होता, मी घरीच होतो. कूलरमधले पाणी संपत आले म्हणून मी पाइप घेऊन उठलो. पाणी भरता भरता थोडे फरशीवर सांडले. मी अनवाणी होतो. सगळे माझ्याकडे पाहत होते, म्हणून दोन शब्द बोलावेसे वाटले. "सौरऊर्जा ही उद्याची ऊर्जा आहे," मी म्हणालो, आणि वक्ते टेबलावर ठेवतात तसा हात कूलरच्या पत्र्यावर ठेवला.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. हात सुटत नव्हता. तोंडातून जो आवाज निघाला तो, बिजलीबाई नंतर म्हणाल्या, म्हशीचा होता. प्रियंका जिन्याकडे धावली. तिच्याआधी आई उठली. ज्या बाईला बसल्या जागेवरून उठायला दोन माणसांचा आधार लागतो ती एकटी उठली, दाराआडची कपडे धुवायची लाकडी मोगरी उचलली आणि माझ्या मनगटावर हाणली. मी सुटलो आणि पुंडलिकरावांच्या मांडीवर जाऊन पडलो. तेवढ्यात प्रियंकाने इन्व्हर्टर बंद केला.

पुंडलिकरावांनी माझ्या तोंडात पाणी घातले, माझा चेहरा न्याहाळला आणि हळूच विचारले, "सोलरचाच होता न?"

डॉक्टरांनी तपासले. हृदय ठीक होते. मनगट मात्र टम्म सुजले होते, ते मोगरीने. विक्की आला, गॉगल काढला, आणि पहिल्यांदाच 'डायरेक्ट' हा शब्द न उच्चारता कूलर उघडून बसला. पंपाची वायर पाण्यात बुडलेली होती, तिची साल फाटली होती आणि त्यावर प्लास्टिकच्या पन्नीची पट्टी गुंडाळून वरून दोरा बांधला होता.

"हे तुह्या बाबानं गुंडाळलं होतं," आई म्हणाली. तिने तो दोरा हातात घेतला. "म्हनून इतके साल टिकलं."

"आई, तिथं कधी करंट नाही लागला तुला?"

"थोडा थोडा तं लागेच. मी चप्पल घालून पानी टाको. कूलरले करंट असतेच लेका."

"कधीपासून?"

"तुहे बाबा होते तवापासून."

"मग सांगितलं काहून नाही?"

"त्यात काय सांगाचं?" आई म्हणाली.

मला विजेने जेवढे कापरे भरले नव्हते तेवढे तेव्हा भरले. बंद दाराच्या घरात, मे महिन्यात, ओल्या हातांनी ती इतकी वर्षे त्या कूलरमध्ये पाणी टाकत होती आणि एखाद्या दिवशी पायात चप्पल नसती तर आम्हाला कळायलाही संध्याकाळ झाली असती. मी मनगट धरून खाली बसलो. आईला वाटले हात दुखतो आहे, म्हणून ती हळद आणायला गेली.

मग मात्र सारे रीतसर केले. कंपनीच्या माणसाला फोनवर धरून विक्कीकडून एकेक गोष्ट करून घेतली. नवा पंप, तीन पिनांचा प्लग, जड वस्तूंची वेगळी वायर, खटका जागच्या जागी. अर्थिंगसाठी माणूसभर खड्डा खणला. त्यात तांब्याचा पत्रा उभा केला आणि वर मीठ-कोळशाचे थर टाकले. आता भर दुपारी अंगणात खड्डा, मीठ, कोळसा, तांबे आणि काठावर एक म्हातारी बाई तांब्याने पाणी सोडते आहे, हे दृश्य रस्त्याने जाणाऱ्यांनी पाहिले. बिजलीबाईंनी मला बाजूला घेऊन विचारले की हंडा किती खोल आहे. संध्याकाळी मोटारसायकलवरून पोलीस ठाण्यातले एक जमादार आले. गुप्तधनाची तक्रार होती. मी त्यांना खड्ड्याकाठी उभे करून अर्थिंग समजावले, सुजलेले मनगट पुरावा म्हणून दाखवले. त्यांनी सगळे लक्षपूर्वक ऐकले, पंचनाम्याचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आमच्याही कूलरला जरासं लागतं हो. विक्कीचा नंबर द्या."

खड्डा ओला राहायला हवा, म्हणजे अर्थिंग नीट चालते. टँकरच्या दिवसांत खड्ड्याला पाणी पाजायचे, यावर आईचा आधी विश्वास बसेना. "मानसाले नाही अन् खड्ड्याले?" पण मग भांडी विसळलेले पाणी तिने आपणहून तिकडे वळवले. सोमवारची एसटी केव्हाच गेली होती. त्याबद्दल मी विचारले नाही आणि तिनेही विषय काढला नाही. पिशवी मात्र अजून कोपऱ्यात होती.

कूलर पुन्हा सुरू झाला. पंप चालला, खटका पडला नाही. बिजलीबाई तांदळाऐवजी या वेळी शेवया वळायला आल्या. पुंडलिकराव आले, पण पायात रबरी बूट घालून, आणि कूलरपासून लांबची खुर्ची निवडून बसले. आई मात्र खटक्यासमोर उभी होती.

"आता हा पडून नाही राह्यला," ती म्हणाली.

"नाही पडणार. दोष गेला न."

"मंग वेळेवर पडन कशावरून? झोपला असन तं?"

प्रश्न रास्त होता. मी तिला खटक्यावरचे छोटे बटण दाखवले. ते दाबले की खटका पडतो; पडला म्हणजे तो जागा आहे. महिन्यातून एकदा दाबून पाहायचे असते, असे मी सांगितले. आईने बोट लावून दाबले. खट्. घर बंद. बिजलीबाई ओरडल्या. आईने खटका वर केला, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "ढाणकीले असा जागा राहनारा कोनी नाही."

मग तिने कोपऱ्यातली पिशवी उघडली आणि लुगडी एकेक करून कपाटात लावली.

महिन्यातून एकदा हे तिला मान्य नाही. महिन्यात काय काय होऊ शकते, असे तिचे म्हणणे आहे. म्हणून ती रोज सकाळी, अंघोळ झाली की, बटण दाबते. त्या वेळी मी दाढी करत असतो आणि प्रियंका चटणी वाटत असते. खट् होते, पंखे थांबतात, मिक्सर मधेच गप्प होतो आणि स्वयंपाकघरातून प्रियंका हाक मारते, "आई!"

आणि जिन्याखालून उत्तर येते, "आहो मी, आहो."